सही केली त्या दिवशी आपण जिंकलो होतो

॥ जयभीम ॥

माळेगाव बुद्रुक, ता. बारामती
दि. ४ मार्च १९९६

चि. सोमनाथ यास,
तुझ्या तुळसाआक्काचा जयभीम व अ. आ.

पत्र लिहायला बसले ती रागातच बसले, हे आधी सांगते. रविवारचा निकाल मला संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं दिला. मी फाट्यावर पाऊण तास उभी, कडेवर पिठाचा डबा, आणि त्यानं तुझी चिठ्ठी माझ्या हातात देत सांगितलं की ताई, तुमच्या गावानं आज माती खाल्ली. तीन गोल! दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या पोरांकडून तीन! दुसरा कसा झाला ते तू लिहिलं नाहीस, पण मला न बघता कळलं. तू गोल सोडून पुढे धावला असशील. ही खोड तुला चड्डी घालत नव्हतास तेव्हापासून आहे. छत्तीस वर्षांचा झालास, आता तरी दोन पावलं मागे राहायला शिक.

घरात मला हसतात. तुझे दाजी म्हणतात, कारखान्यात एवढी माणसं कामाला आहेत, पण निकाल ऐकून बायकोनं भाकरी करपवली असं एकट्या माझ्याच घरात होतं. त्यांना काय सांगणार? नाना फौजेतून पेन्शनीवर आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन चेंडू होते. त्यांनी माळ साफ करायला घेतला तेव्हा दगड वेचायला मीच होते. पळसदेवच्या मच्छीमारांची जुनी जाळी आणून त्यांनी गोलाला बांधली, ती मी दाभणानं शिवली. तात्याबाच्या मेंढ्या चरून गवत बारीक ठेवायच्या, म्हणून नाना त्याला मैदानाचा माळी म्हणायचे. पोरींना खेळायला घेत नव्हते, म्हणून मी बघायला शिकले. बघणं हेही काम असतं, सोमनाथ. कोण दमलाय, कोण घाबरलाय, कुणाचा पाय दुखतोय, हे खेळणाऱ्याआधी बघणाऱ्याला कळतं. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा घर सुटल्याचं मला फारसं वाटलं नाही. रविवारी चार वाजले की मात्र हातातलं काम टाकून मी दारात येऊन उभी राहायची. अजून राहते.

आता तुझ्या कागदाचं. नाना जाऊन दोन वर्षं झाली, वारस म्हणून दोघांची नावं लागली आहेत, मी हक्क सोडला की सगळं तुझ्या एकट्याच्या नावावर होईल, असं तू लिहितोस. देते सही. आपल्याकडे बहिणी देतात आणि भाऊ साडीचोळी करतो, ही रीत मला ठाऊक आहे. मला साडी नको. घराजवळचं रान तू कस, विहीर तुझी. माळ मात्र क्लबचा. नाना सगळ्यांसमोर बोलले होते की हा माळ पोरांचा, कुणी त्यात नांगर घालायचा नाही. ते कागदात लिहून घे, मग सही. एवढंच माझं मागणं आहे.

प्रतिक्षाला पापा. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, पण पुढच्या रविवारी तीन गोल खाल्लेस तर तिचाही विचार करावा लागेल.

तुझी,
आक्का

---

वरकुटे, ता. इंदापूर
दि. १९ मार्च १९९६

ती. आक्कास,
सोमनाथचा सा. जयभीम. वि. वि.

तुझ्या पत्रातला सामन्याचा भाग तात्याबाला वाचून दाखवला. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, तुळसा हितं असती तर तीन गोल झालंच नसतं, तिनं पाठीमागनं शिव्या देऊन गोलकीपरला जागेवर धरला असता. क्लबचा अध्यक्षच असं बोलतो म्हटल्यावर सेक्रेटरीनं तोंड कुठं लपवावं? आणि हो, मी पुढे धावलो होतो. तुला कुणी सांगितलं ते मी शोधून काढणार आहे.

कागदाची काळजी करू नकोस. मैदानाचं काय ते त्यात घालायला मी लिहिणाऱ्याला सांगितलं आहे. नानांचा शब्द तुला जेवढा, तेवढाच मला.

मी असं ठरवलं आहे. जयंती चषकाचा उपांत्य सामना शुक्रवारी १२ एप्रिलला इंदापुरात आहे, चार वाजता, पुन्हा त्याच दौंडवाल्यांशी. तू सकाळच्या गाडीनं ये. आधी रजिस्टर ऑफिसचं काम उरकू, मग तसंच मैदानावर जाऊ. तुझी दोन कामं एका तिकिटात होतील. रविवारी जयंतीला अंतिम सामना आपल्याच माळावर आहे, तेव्हा मुक्कामाला ये. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो.

बाकी ठीक. धरणाचं पाणी रानात उचलून आणायची लिफ्टची पाइपलाइन यंदा माळाच्या कडेनं चालली आहे. खोदाईच्या मातीनं उजवा कोपरा खराब झालाय, पण जयंतीच्या आत साफ करून घेतो. प्रतिक्षा आठवीत पहिली येईल असं मास्तर म्हणतात. ती तुझ्यासारखीच कडेला बसून पंचाला नियम शिकवते.

रागावलीस तरी चालेल, येणं मात्र चुकवू नकोस.

तुझा,
सोमनाथ

---

माळेगाव बुद्रुक
दि. १७ एप्रिल १९९६

चि. सोमनाथ यास,
आक्काचे अ. आ.

घरी पोचले. घसा बसला आहे, तेव्हा तीन दिवस दाजी खुशीत आहेत.

काय खेळलात रे! शुक्रवारी पहिल्या अर्ध्यात मला वाटलं, संपलं. दौंडच्या पोरांचे बूट चकचकीत, आपल्या निम्म्यांचे पाय कापडात बांधलेले. मग तू तो खालचा फटका अडवलास आणि सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. दोन-एक! आणि जयंतीला पेनल्टीवर चषक! शेवटचा फटका मारायला तो उंच पोरगा आला तेव्हा मी डोळे मिटले. बघणाऱ्यानं डोळे मिटणं म्हणजे पळून जाणंच, पण माझ्यानं राहवलं नाही. ओरडा झाला तेव्हा उघडले, तर तू चेंडू पोटाशी धरून जमिनीवर पडलेला. नाना पाहिजे होते. खरं सांगते, त्या क्षणी तुला सगळं माफ केलं, लहानपणी माझी पाटी फोडलीस ती सुद्धा.

शुक्रवारच्या ऑफिसातल्या गोंधळाची आठवण झाली की हसू येतं. लाइट गेलेली, लोकांची रांग, आपला नंबर लागला तेव्हा साडेतीन वाजलेले. लिहिणारा कागद वाचून दाखवायला लागला, तो चतुःसीमेतच अडकला, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. तू म्हणालास आक्का, सगळं ऐकून घे. मीच म्हटलं राहू दे, पहिला गोल चुकायचा. आणि जिथं त्यानं बोट ठेवलं तिथं सह्या करून मोकळी झाले. माझी सही बघून तो म्हणाला की बाईंचं अक्षर झोकात आहे. फौजी बापानं शिकवलंय, मी म्हटलं.

मैदानावर पोचल्या पोचल्या तात्याबाला सांगितलं की आजच मैदानाचं काम करून आले, सही ठोकून आले, आता कायमची काळजी मिटली. त्यानं चार माणसांना बोलावून सांगितलं. माझ्या खुर्चीवर कुणी तरी फेटा ठेवला होता, तो काढून मला बसवलं. सोमनाथ, मी आयुष्यात एक गोल मारला नाही, पण त्या दिवशी मला मारल्यासारखं वाटलं.

चषक नानांच्या फोटोखाली ठेव. आणि गुडघ्याला शेक दे.

तुझी, अजून ओरडायला तयार असलेली,
आक्का

---

वरकुटे
दि. २९ सप्टेंबर १९९६

ती. आत्यास,
प्रतिक्षाचा सा. जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं. पप्पांनी तीन पत्रांचं उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही मला विचारलंत, सामने का कळवत नाही. आत्या, सामने होतच नाहीत. सरावाला जागा नाही. पोरं कधी शाळेच्या पटांगणात खेळतात, पण ते लहान आहे आणि कौलं फुटतात म्हणून मास्तर रागावतात.

मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये माळ नांगरला आणि ऑगस्टमध्ये आडसालीची लागण केली. आता ऊस माझ्या कमरेला लागतो. गोलाचे खांब गोठ्याला लावले. पप्पा सगळ्यांना सांगतात की माळ आत्याच्या वाट्याला आला, तिनंच ऊस लावायला सांगितलं, मी फक्त कसतो. तात्याबाआजोबांना आधी खरं वाटलं नाही. पण तुम्हीच सामन्याच्या दिवशी सही करून आल्याचं सांगितलं होतं ना, ते त्यांना आठवलं. ते आता आमच्या घरी येत नाहीत. मागच्या आठवड्यात पाणवठ्यावर भामाबाई म्हणाल्या की फौजी नानाच्या पोटी असली लेक कशी निपजली. मी भांडून आले.

आत्या, तुम्ही असं का केलं? तुम्हाला काही अडचण होती का? मी कुणाला सांगणार नाही.

माझा सहामाहीचा अभ्यास चालू आहे. माझ्यावर रागावू नका.

तुमची,
प्रतिक्षा

---

माळेगाव बुद्रुक
दि. ८ ऑक्टोबर १९९६

सोमनाथ यास,

मायना लिहायला हात उचलत नाही. नुसतं नाव लिहिलं आहे, तेवढ्यावर भागव.

मी काल इंदापूरला जाऊन कागदाची नक्कल काढली. ऑफिसच्या पायरीवर बसून वाचली. तिथल्या तिथं दोनदा वाचली. मैदान हा शब्द त्यात नाही. क्लब नाही. नानांचा शब्द नाही. घराजवळचं रान, विहीर आणि माळ, सगळ्यावरचा हक्क मी स्वखुशीनं तुझ्या लाभात सोडला आहे, आणि खाली माझं झोकातलं अक्षर आहे. तू त्या दिवशी मला ऐकून घे म्हणालास. तुला पक्कं ठाऊक होतं की साडेतीन वाजता मी ऐकणार नाही. सामन्याचा दिवस तू मुद्दाम निवडलास. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ओळ न् ओळ वाचली असती, आणि हे माझ्या पाठच्या भावाशिवाय कुणाला माहीत असणार?

वर माझ्यासाठी खुर्ची ठेवलीस. त्या खुर्चीत बसून मी तुझ्या नावानं ओरडत होते, आणि तुझ्या डोक्यात तेव्हा सऱ्या पाडून झाल्या होत्या. नांगर घालणार हे माहीत असून तू त्या माळावर चेंडू पोटाशी धरून पडलास. कसा पडलास रे?

ऊस लावलास ते एक वेळ गिळीन. तुझं रान, तुझं पाणी, तुझं पोट. पण तो ऊस माझ्या नावावर का लावलास? माझं त्या गावात दुसरं काय होतं? तिथं मी वर्षातून दोनदा येते. घर तुझं, शिवार तुझं. माझी फक्त चुन्याच्या रेघेबाहेरची दोन हात जागा होती, आणि मला बघून सरकून जागा देणारी माणसं होती. ती माणसं तू माझ्यापासून तोडलीस.

मला जमीन परत नको, कोर्टकचेरी करायची नाही. रविवारी २७ तारखेला क्लबची सभा आहे असं कळलं. त्या सभेत उभा राहून खरं सांग. नाही सांगितलंस तर नक्कल घेऊन मी येते.

तुळसा

---

समता फुटबॉल क्लब, वरकुटे
दि. ४ नोव्हेंबर १९९६

सौ. तुळसाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपणांस कळविण्यात येते की, दि. २७ ऑक्टोबर रोजी विहारात झालेल्या क्लबच्या सभेत आपण स्वतः हजर राहून जो दस्त दाखविला, तो सर्वांसमक्ष वाचण्यात आला. मैदानाची जमीन आपल्या वाट्याची नसून सेक्रेटरींच्या नावे आहे, असे त्यावरून दिसून आले. तथापि सदर जमिनीवरील हक्क आपण क्लबला न विचारता स्वखुशीने सोडला, व त्यामुळेच मैदान गेले, हेही त्यावरून सिद्ध झाले. सबब आपले आजीव सभासदत्व रद्द करण्याचा व यापुढे आपणांस सामन्यांचे निमंत्रण न पाठविण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला.

कळावे.

सोमनाथ
सेक्रेटरी

आक्का, ही खालची ओळ क्लबची नाही, माझी आहे. सही माझीच लागते म्हणून केली, नसती केली तर पोरांनी मलाही काढलं असतं. मलाही चार शिव्या बसल्या. पण शाळेच्या पटांगणाची परवानगी मीच आणली आहे, सामन्याला पोरांना न्यायला ट्रॅक्टर माझाच आहे, आणि गोलात दुसरं कुणी उभं राहात नाही. तात्याबा म्हणाला की गोलकीपरबिगर टीम हुबी ऱ्हात न्हाय, बघणाऱ्याबिगर ऱ्हाती. मी तुझ्या बाजूनं बोलायला पाहिजे होतं. मला धीर झाला नाही.

तू मला विचारलंस, कसा पडलास. तुला एक सांगतो. गोलात उभं राहायचं का, हे नानांनी मला कधीच विचारलं नाही. नवव्या वर्षी उभा केला. त्यांचं लक्ष पुढे खेळणाऱ्यांवर, तुझं लक्ष माझ्या चुकांवर. सगळ्या गावाचे फटके मी छातीवर घेतले आणि घरचं रान कोरडंच राहिलं. पाणी माळाच्या बांधाला येऊन लागलं तेव्हा मी दोन महिने झोपलो नाही. तुझ्याकडे खरं मागितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून मागितलं नाही.

सोबत साडी पाठवतो आहे. रीत म्हणून तरी ठेव.

सो.

---

माळेगाव बुद्रुक
दि. १६ एप्रिल १९९७

चि. प्रतिक्षास,
आत्याचा जयभीम व अ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. तू सरळ विचारलंस की पप्पा खोटं बोलले का. बोलले. माझ्याशी बोलले आणि गावाशीही बोलले. दाजी म्हणत होते की पोरीला हे लिहू नकोस, तिला त्याच घरात राहायचं आहे. पण मला खोट्याचा इतका वीट आला आहे की तुझ्यापुढे आणखी एक घालावंसं वाटत नाही. तुझा बाप तुझ्यासाठी राबतो, हेही तितकंच खरं आहे. त्याच्याशी अबोला धरू नकोस. मी धरला आहे, तेवढा पुरे. साडी मी परत पाठवली, ती तुझ्या आईला नेसू दे, तिचा यात काही दोष नाही.

आणि उद्या कुणीही तुझ्यापुढे कागद ठेवला, अगदी सख्खा भाऊ असला, तरी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. सामना बुडाला तर बुडू दे.

त्या सभेचं तू विचारलंस. विहारात मला कुणी वाईट बोललं नाही. कागद वाचून झाला. मला वाटलं, आता तुझ्या बापाला विचारतील. तात्याबा उठून माझ्याजवळ आला. म्हणाला, पोरी, त्यो लबाड हाय हे कळलं, पर सही कुणाची हाय? मी म्हटलं माझी. मग तो जाऊन आपल्या जागेवर बसला. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी ओरडले, जर्सीवर नंबर शिवले, पोरं हरली तर जेवले नाही, आणि त्यांनी मला एवढाच प्रश्न विचारला. तुझ्या बापानं केलं ते मला कळतं, त्याला पाणी दिसलं. क्लबनं केलं ते मला अजून कळत नाही. त्यांचं माझ्याकडे काहीच नव्हतं आणि मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला काढून त्यांना काय मिळालं?

परवा जयंतीच्या सामन्याला मी इंदापुरात होते. घरी खोटंच सांगितलं, पातळ घ्यायला जाते म्हणून. बघ, वीट आला म्हणते आणि मीही बोलले. निमंत्रण नव्हतं, म्हणून आत आले नाही. सामना ज्या शाळेच्या पटांगणात होता तिच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूनं एक रसवंती आहे, तिथल्या बाकड्यावर उभी राहिले. रसवंतीवाला आधी हसला, मग म्हणाला बघा मावशी. आपली पोरं छान खेळत होती. तो सात नंबरचा नवीन आहे का? त्याचा डावा पाय सोन्याचा आहे, पण तो दमला की मान खाली घालतो, तेव्हा त्याला चेंडू देऊ नये, हे कुणी तरी सांगायला पाहिजे. त्यानं गोल मारला आणि मी तिथूनच ओरडले. तोंडातून निघूनच गेलं. तात्याबानं मान वळवून पाहिलं. त्यानं मला ओळखलं, हात अर्धा वर आला, आणि मग त्यानं तो खाली घेऊन पुन्हा पुढे बघितलं. एवढ्या वर्षांत मी मैदानावर कधी रडले नव्हते. परवा त्या बाकड्यावर उभी राहून रडले, आणि रसवंतीवाल्यानं न मागता पाणी दिलं.

मग समोरच्या टीमनं बरोबरी केली. एक-एक झालं, आणि माझ्या शेवटच्या गाडीची वेळ झाली. मी निघाले.

परवापासून मला जेवण गोड लागत नाही. पुढे काय झालं, प्रतिक्षा? जिंकलो का आपण? एका कार्डावर दोन ओळी लिही. हरलो असू तरी लिही.

अभ्यासाला जप, आणि तुझ्या मनात या आत्याला थोडी जागा असू दे.

तुझी,
तुळसाआत्या